स्टेरॉइड औषधांचा दीर्घकालीन वापर : रक्तवाहिन्या व डोळे यांवरील दुष्परिणामांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील औषधशास्त्राच्या इतिहासात इन्सुलिन आणि पेनिसिलिन यांच्या बरोबरीने ज्या औषधाचा उल्लेख करावा लागतो ते म्हणजे कॉर्टिसोन होय. त्यापासून पुढे विकसित झालेली प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन इत्यादी औषधे 'स्टेरॉइड' या एकाच नावाने आज खेड्यापाड्यांतही परिचित आहेत. दमा, संधिवात, त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही विकार अशा अनेक आजारांत ती जीवनदायी ठरली आहेत. मात्र महिनोन्महिने घेतल्यास ती रक्तवाहिन्या व डोळे यांना इजा करू शकतात. हे दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला केव्हा आणि कसे उमगले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. या औषधाचा गुण रुग्णाला स्वतःलाच जाणवतो. अपाय मात्र बहुधा दुसऱ्या कोणीतरी मोजावा लागतो. हा फरक लक्षात घेतल्याशिवाय या औषधांचा इतिहास नीट समजत नाही, असे येथे मांडावयाचे आहे.

१. औषधापूर्वीचे रोगचित्र :

या इतिहासातील एक विलक्षण बाब अशी की, दुष्परिणामांचे वर्णन औषधाच्या आधी झाले. १९३२ साली अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १२ रुग्णांच्या आधारे एका विकाराचे चित्र रेखाटले. गोल झालेला चेहरा, सुटलेले पोट, सहज काळीनिळी पडणारी पातळ त्वचा, ठिसूळ हाडे आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे होती. पोष ग्रंथीतील गाठीशी त्यांनी या विकाराचा संबंध जोडला. अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर स्रवल्याने शरीराची ही अवस्था होते, हे नंतरच्या काळात स्पष्ट झाले. अमेरिकेत १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार न झालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत दगावत असल्याचे दिसून आले. जंतुसंसर्ग आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार ही त्यांच्या मृत्यूची मुख्य कारणे होती. शरीरात या संप्रेरकाचा अतिरेक दीर्घकाळ राहिल्यास काय घडते, याचे उत्तर निसर्गाने असे आधीच देऊन ठेवले होते.

२. कॉर्टिसोनचा उदय :

मेयो क्लिनिकमधील डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ पासून एक गोष्ट खुणावत होती. कावीळ झालेल्या संधिवाताच्या रुग्णाच्या वेदना काही काळ ओसरत. गर्भारपणातही असेच घडे. याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन अधिवृक्क ग्रंथींतील संयुगे वेगळी करीत होते. त्यांतील 'ई संयुग' मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तातील आम्लापासून अनेक टप्प्यांनी तयार केले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्याचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. आठवड्याभरात ती बाजारात हिंडून आली. १९५० सालचे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना विभागून मिळाले.

प्रारंभीच्या रुग्णांमध्येच चेहरा गोल होणे, सूज येणे असे परिणाम दिसू लागले होते. हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नोंदविले आणि हा प्रयोग अद्याप संशोधनाच्या पातळीवर आहे असे बजावले. तथापि, वेदनामुक्त रुग्णांची मागणी आणि औषधाची वाढती उपलब्धता यांपुढे या सावधगिरीचा निभाव लागला नाही. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या संशोधकांनी बुरशीच्या साहाय्याने उत्पादनातील एक अवघड टप्पा सोपा केला आणि किंमत झपाट्याने उतरली. १९५५ पासून अधिक प्रभावी प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन गोळ्यांच्या स्वरूपात मिळू लागले. मीठ-पाणी शरीरात साठण्याचा त्रास त्यांत कमी असल्याने दीर्घकालीन सेवन सोयीचे झाले.

३. रक्तवाहिन्यांवरील परिणाम :

स्टेरॉइड औषधे रक्तवाहिन्यांची आकुंचनाची प्रवृत्ती वाढवितात. काही प्रमाणात मीठही शरीरात साठते आणि रक्तदाब चढतो. रक्तातील साखर व मेद वाढल्याने धमन्या कठीण होण्यास हातभार लागतो. त्वचेतील आधारतंतू क्षीण झाल्याने सूक्ष्म रक्तवाहिन्या किरकोळ धक्क्यानेही फुटतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते हाड मृत होण्याचे प्रकारही १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नोंदले जाऊ लागले.

१९६२ साली मॅकेंझी व स्टॉटन यांनी त्वचेवर लावण्याच्या स्टेरॉइडची तीव्रता ठरविण्यासाठी, औषध लावलेल्या जागी रक्तवाहिन्या आकसून त्वचा किती पांढरी पडते, हीच कसोटी वापरली. येथे रक्तवाहिन्यांवरील परिणाम हेच औषधाच्या शक्तीचे माप ठरले. मात्र हृदयविकाराच्या धोक्याचे मोठे मोजमाप होण्यास २००४ साल उजाडले. स्कॉटलंडमधील टेसाइड येथे स्टेरॉइड घेणाऱ्या ६८,७८१ व न घेणाऱ्या ८२,२०२ व्यक्तींच्या नोंदी तपासण्यात आल्या. अधिक मात्रा, म्हणजे दररोज प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, घेणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण अडीच पटीहून अधिक आढळले. मूळ आजाराचा वाटा अशा अभ्यासात पूर्णपणे वगळता येत नाही, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

४. डोळ्यांवरील परिणाम :

डोळ्यांच्या बाबतीत कुशिंग यांचे रोगचित्र पुरेसे मार्गदर्शक नव्हते. १९६० साली ब्लॅक व सहकाऱ्यांनी संधिवाताच्या रुग्णांचे डोळे स्लिट लॅम्पने तपासले, तेव्हा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत नेत्रभिंगाच्या मागील आवरणालगत येणारा विशिष्ट मोतीबिंदू आढळला. पहिल्या इंजेक्शनला तेव्हा १२ वर्षे झाली होती.

काचबिंदूची कथा अधिक गंभीर आहे. डोळ्यातील द्रव बाहेर वाहून नेणाऱ्या जाळीत स्टेरॉइडमुळे अडथळा येतो व आतील दाब वाढतो. अमेरिकेतील बेकर व आर्माली यांनी १९६० च्या दशकात निरोगी व्यक्तींच्या डोळ्यांत काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत तो मध्यम प्रमाणात, तर जवळपास ५ टक्के व्यक्तींत बराच वाढला. यात वेदना बहुधा नसतात. दृष्टीचा परीघ हळूहळू आकसतो आणि रुग्णाला उमगते तोवर दृक्-मज्जातंतूची हानी झालेली असते. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

याच औषधाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. कानशिलावरील धमनीच्या दाहात आकस्मिक अंधत्व येण्याचा धोका असतो आणि तो टाळण्यासाठी तातडीने स्टेरॉइडच द्यावे लागते.

५. भारतीय संदर्भ :

ॲलर्जीमुळे डोळे सतत खाजणाऱ्या मुलांना दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घातले जातात आणि त्यांतील काहींना काचबिंदू होतो, हा आपल्याकडील नेत्रतज्ज्ञांचा परिचित अनुभव आहे. त्वचेवरील स्टेरॉइड मलमांच्या सर्रास विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्यांना 'अनुसूची एच'मध्ये आणले.

२०२१ च्या कोविड लाटेत हा प्रश्न महाराष्ट्राने तीव्रतेने अनुभवला. अत्यवस्थ रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोनने वाचू शकतात, हे २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने दाखविले होते. परंतु गरज नसताना, अधिक मात्रेत आणि रक्तातील साखर न तपासता झालेला वापर व अनियंत्रित मधुमेह यांमुळे म्युकरमायकोसिसला वाव मिळाला. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते व नाकामार्गे डोळ्यापर्यंत पोहोचते. प्राण वाचविण्यासाठी अनेकांचा डोळा काढावा लागला.

समारोप :

वरील घटनाक्रमावरून असे दिसते की, ज्ञानाचा अभाव हे दुष्परिणामांचे एकमेव कारण कधीच नव्हते. आराम काही दिवसांत मिळतो, हानी काही वर्षांत होते. त्यामुळे रुग्णाचा स्वतःचा अनुभव औषधाच्याच बाजूने साक्ष देत राहतो. अपाय उघड करण्याचे काम रक्तदाबमापक, स्लिट लॅम्प आणि डोळ्यातील दाब मोजणारे उपकरण यांनीच केले. भीतीने औषध एकाएकी थांबविणेही घातक आहे, कारण दीर्घ वापराने निद्रिस्त झालेल्या अधिवृक्क ग्रंथी तत्काळ कार्यरत होत नाहीत. म्हणून स्टेरॉइडच्या प्रत्येक दीर्घ उपचाराबरोबर रक्तदाब, साखर व डोळे यांच्या नियमित तपासणीची लेखी सूचना असणे, आणि ती तपासणी ग्रामीण रुग्णाच्या आवाक्यात असणे, ही या इतिहासाने आपल्यापुढे ठेवलेली किमान अपेक्षा होय.