पुण्यातील गुलाब लागवड

पुणे शहर आणि त्याच्या उपनगरांतील बंगल्यांच्या आवारांत, सोसायट्यांच्या गच्च्यांवर व सज्जांत हौसेने केली जाणारी गुलाबाची लागवड हा शहराच्या बागकाम परंपरेतील एक ठळक भाग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंची, कोरडा व थंड हिवाळा आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणारा माफक पाऊस यांमुळे पुण्याचे हवामान कोकणपट्टीच्या तुलनेत गुलाबाला अधिक मानवते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा येथील फुलांचा मुख्य बहर होय.

हवामान व माती

शहराची माती एकसारखी नाही. मुळा-मुठेच्या काठाने खोल काळी जमीन आढळते, तर पर्वती व वेताळ टेकडीच्या उतारांवर हातभर खोदताच मुरूम लागतो. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि गुलाबाची मुळे कुजतात. मुरमाड जमिनीत निचरा उत्तम, पण कस कमी. त्यामुळे नदीकाठच्या बागेत उंचवटा करून त्यावर रोपे लावावी लागतात, तर टेकडीलगतच्या बागेत खड्डा मोठा घेऊन त्यात गाळाची माती व शेणखत भरावे लागते. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या बागेत फसतो, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

चुनखडीयुक्त जमीन आणि कूपनलिकेचे जड पाणी ही दुसरी अडचण. अशा ठिकाणी मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लक्षण खताच्या अभावाचे समजून अधिक खत घातले जाते व झाड आणखी बिघडते. शेणखत, पालापाचोळ्याचे खत आणि शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी यांनी हा दोष हळूहळू कमी होतो.

जातींची निवड

गुलाबाची निवड करताना फुलाचा आकार, सुगंध आणि झाडाचा काटकपणा या तीन गुणांपैकी बहुधा दोनच एकत्र मिळतात. गडद मखमली लाल रंगाचा 'पापा मेयाँ' (१९६३) सुगंधासाठी नावाजलेला आहे, परंतु भुरी त्याला लवकर गाठते. 'डबल डिलाइट' (१९७७) या दुरंगी गुलाबाला गोड वास आहे आणि ऊन लागेल तशी त्याच्या पाकळ्यांची लाल किनार वाढत जाते. मात्र भुरीपासून तोही मुक्त नाही. याउलट 'क्वीन एलिझाबेथ' (१९५४) हे उंच वाढणारे गुलाबी फुलांचे झाड वास बेताचा असूनही दुर्लक्ष सोसते. लांब दांड्याचा 'ग्लॅडिएटर' (१९५५) महाराष्ट्रातील फूलबाजारात वर्षानुवर्षे टिकला, तोही काटकपणामुळेच. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडा वर्गातील पांढरा 'आइसबर्ग' (१९५८) नवख्या बागायतदाराने प्रथम लावावा असा आहे. फ्रान्सिस मेयाँ यांच्या 'पीस'चे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, जाहीर झाले. जुन्या संग्राहकांच्या बागेत त्याला आजही मानाची जागा असते.

भारतीय पैदाशीच्या जातींना मात्र रोपवाटिकांत मिळावे तेवढे स्थान मिळालेले नाही. डॉ. बेंजामिन पिअरी पाल (१९०६–१९८९) हे गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले शास्त्रज्ञ गुलाबाचेही जाणते पैदासकार होते. त्यांची 'दिल्ली प्रिन्सेस', तसेच दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून आलेल्या 'मृणालिनी' व 'रक्तगंधा' या जाती भारतातील उन्हात वाढवून निवडलेल्या आहेत. कोडाईकनाल येथील एम. एस. विराराघवन व गिरिजा विराराघवन यांनी रोझा जायगँटिया आणि पाणथळ जागी तगणारा रोझा क्लायनोफायला या देशी रानगुलाबांचा संकर करून उष्ण प्रदेशासाठी जाती तयार केल्या. युरोपातील थंड हवेत निवडलेला गुलाब पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत का कोमेजतो, याचे उत्तर या प्रयत्नांत सापडते.

रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या रोपांवर नावाची चिठ्ठी क्वचितच असते. फूल पाहून घेतलेल्या अशा रोपाचे नाव पुढे कळत नाही आणि आवडलेली जात पुन्हा मिळवणे कठीण होते. गुलकंदासाठी व पूजेसाठी लावला जाणारा सुवासिक गावठी गुलाब संग्राहकांच्या यादीत सहसा नसतो. तो शेजाऱ्याकडून आणलेल्या फांदीवरच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

खुंट व छाटणी

संकरित गुलाब रानटी खुंटावर डोळा भरून तयार करतात. जोडाच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा असतो. तो वेळीच मुळापासून काढला नाही तर वर्ष-दोन वर्षांत मूळ जात दबून जाते. 'सात पानांची फांदी ती रानटी' हा प्रचलित ठोकताळा नेहमी खरा ठरत नाही. काही संकरित जातींनाही सात पर्णिका येतात. फांदी कोठून निघाली हे माती बाजूला करून पाहणे, हीच खात्रीची परीक्षा.

मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, दसरा-कोजागरीच्या सुमारास करतात. वाळलेल्या, बारीक व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या फांद्या बाहेरच्या दिशेच्या डोळ्यावर तिरप्या कापतात. कापावर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, कारण शेंडेमर हा रोग याच जखमांतून खाली उतरतो. छाटणीनंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी फुले येतात. प्रदर्शनाची तारीख ठरली की अनुभवी बागायतदार तेथून मागे दिवस मोजतो आणि झाडे तीन-चार टप्प्यांत छाटतो. थंडी लवकर पडली तर कळ्या रेंगाळतात, आभाळ आले तरी रेंगाळतात. एकाच दिवशी सर्व झाडे छाटणाऱ्याची फुले प्रदर्शनाच्या आधी किंवा नंतर येण्याचा संभव मोठा.

रोग व किडी

पाने सलग सहा-सात तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला अवसर मिळतो. पावसाळ्यात हे टाळणे अशक्यच. म्हणून गळलेली पाने वेचून नष्ट करणे आणि झाडांत वारा खेळेल एवढे अंतर राखणे हे फवारणीइतकेच महत्त्वाचे. हिवाळ्यात भुरी व मावा, तर उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी आणि कळ्यांत फुलकिडे येतात. फुलकिडे फिकट रंगाच्या फुलांकडे अधिक वळतात.

प्रदर्शने

रोझ सोसायटी ऑफ पुणे या संस्थेची गुलाब प्रदर्शने टिळक स्मारक मंदिरात भरत आली आहेत. अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेच्या एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास होणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही गुलाबांचा विभाग असतो. स्पर्धेचे फूल अर्धे ते पाऊण उमललेले आणि मध्यभागी उंच असावे लागते. सुगंधाला गुण असले तरी आकारापुढे तो मागे पडतो, ही सुवासिक जाती जपणाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

बंगल्यातून गच्चीवर

डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, मॉडेल कॉलनी या भागांतील बंगले पाडून तेथे इमारती उभ्या राहू लागल्यावर जमिनीतील अनेक गुलाबबागा नाहीशा झाल्या. जुने झाड उपटून कुंडीत लावल्यास ते जगेलच असे नाही; डोळे घेऊन नव्या खुंटावर भरणे हा जात वाचवण्याचा अधिक भरवशाचा मार्ग आहे, आणि तो झाड उभे असतानाच अवलंबावा लागतो. गुलाबाला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे असल्याने शेजारी उंच इमारत उठली तरी बाग संपते.

गच्चीवर बारा ते चौदा इंची कुंडी वापरतात. ओल्या मातीचे वजन कमी व्हावे म्हणून तीत कोकोपीट मिसळतात. उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत खडकवासला धरणसाखळीतील साठा घटून शहरात पाणीकपातीची वेळ येते. अशा वेळी कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे, मातीवर पालापाचोळा पसरणे, भाज्या धुतलेले पाणी वापरणे आणि मे महिन्यात कळ्या खुडून झाडाला फुलण्याच्या श्रमातून सोडवणे हे उपाय केले जातात.