गेलेल्या हाताची शाळा

मंडळी, आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ धडधाकट माणूस सकाळी उठतो तो तोंड वाकडं, बोलणं बोबडं, एक हात नि एक पाय लुळा. पण यात वाऱ्याचा काही संबंध नाही. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने अशा झटक्याने दगावलेल्या काहींच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचे दाखवून दिले. आज आपण जाणतो की, मेंदूतील रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने तुंबते आणि त्या भागातील पेशी मरतात. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते. म्हणजे हात शाबूतच असतो. त्याला हुकूम देणारा नाहीसा होतो.

मग असा गेलेला हात परत येतो का?

स्पेनचे थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांनी १९१३-१४च्या सुमारास निर्वाळा दिला की, प्रौढ मेंदूतील मज्जातंतूंच्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात. तिथे मेलेले पुन्हा उगवत नाही. हा समज वैद्यकात पुष्कळ वर्षे टिकला. परंतु १९१७ साली अमेरिकेत ऑग्डेन आणि फ्रांझ यांनी माकडांवर प्रयोग केले. मेंदूला इजा करून माकडाचे अर्धे अंग लुळे केले, चांगला हात बांधून ठेवला आणि लुळ्या हाताकडून काम करवून घेतले. त्या हातात पुष्कळच हालचाल परत आली!

पुढे १९५९ साली न्यूयॉर्कचे प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रिता यांना झटका आला. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकी शिकत होता. त्याने वडिलांना तान्ह्या मुलासारखे आधी रांगायला लावले, मग उभे केले. भांडी घासायची तीही लुळ्या हाताने. प्राध्यापक पुन्हा शिकवू लागले. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा झटक्याने झालेली मोठी हानी तशीच होती. मेलेला भाग जिवंत झाला नव्हता. पुरात रस्ता वाहून गेला की गाड्या शेजारच्या बांधावरून जाऊ लागतात आणि रोजच्या जाण्यायेण्याने तीच वाट होते. तसेच उरलेल्या मेंदूने ते काम शिकून घेतले होते.

आता यंत्रांकडे वळू. १९६१ साली लिबरसन यांनी चालताना लोंबणाऱ्या पावलासाठी विजेचे उपकरण वापरले. टाच उचलली की बुटातली कळ सुटे आणि सौम्य विजेने पाऊल वर उचलले जाई. १९९४ साली अमेरिकेत यांत्रिक हाताची रुग्णांवर पहिली चाचणी झाली. रुग्णाने आपला हात यंत्रात ठेवून पडद्यावरील खुणेकडे न्यायचा. तो अडला तरच यंत्र मदत करी. पुढच्या एका मोठ्या चाचणीत एका बैठकीत अशा हजारावर हालचाली करवून घेतल्या जात. नेहमीच्या उपचारात मात्र किती होतात? २००९ सालच्या एका पाहणीत हाताने काम करण्याच्या सरावाची सरासरी निघाली ३२.

तेव्हा यंत्राने चमत्कार केला असेल, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या १२७ रुग्णांच्या चाचणीत यंत्राइतकाच सराव माणसाने करवून घेतला, तेव्हा दोहोंचे फळ सारखेच आले. २०१९ साली ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांच्या चाचणीत यंत्राचा उपचार नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. २०२१ साली मानेतील व्हेगस नावाच्या नसेला विजेची सूक्ष्म चेतना देण्याची पद्धत १०८ रुग्णांवर तपासली गेली. तिचा गुण अधिक आला; पण तिथेही रुग्णाने हात हलवायचा आणि त्याच क्षणी चेतना द्यायची, असाच क्रम आहे.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना यात नवल वाटणार नाही. पाटी कितीही चांगली असली तरी अक्षर गिरवायचे मुलानेच. यंत्र ही पाटी आहे.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. झटका येताच रोग्याला तडक मोठ्या इस्पितळात न्या. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि पुढे यंत्राच्या जाहिरातीला भुलून जमीन गहाण टाकू नका. मात्र म्हातारीला मायेने घास भरवत, तिचा हात मांडीवर निजवूनही ठेवू नका. जेवढं जमेल तेवढं तिचं तिला करू द्या. अर्थात नुसता घरचा उत्साह पुरत नाही. आपल्याच देशात १४ इस्पितळांतील १२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला: घरच्या माणसाला शिकवून उपचार त्याच्यावर सोपवल्याने रुग्णांचे परावलंबन कमी झाले नाही. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडे वेळोवेळी जा, काय करायचे ते विचारून घ्या. सगळ्यांचाच हात पूर्ववत होतो असे नाही. ज्याचा मेंदू फार दुखावला त्याला थोडकेच मिळते. पण स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता आला, तर त्या माणसाला ते थोडके वाटत नाही.