तळटीप : 'उपन्यास'

१. उपन्यास : संस्कृत उप + नि + अस् यांवरून, मूळ अर्थ 'जवळ ठेवणे', त्यावरून 'मुद्दा मांडणे, प्रस्ताव'. हिंदी व बंगालीत हाच शब्द कादंबरीसाठी रूढ झाला; बंकिमचंद्रांची 'दुर्गेशनंदिनी' (१८६५) हा बंगालीतला गाजलेला उपन्यास. कन्नड व तेलुगूत मात्र उपन्यास म्हणजे व्याख्यान. कर्नाटकात महाविद्यालयात शिकवणारा तो 'उपन्यासक'. या कथाप्रकाराला मराठीने आणि कन्नडनेही बाणभट्टाच्या सातव्या शतकातील गद्यकाव्याच्या नायिकेचे नाव दिले : कादंबरी. गुजराती 'नवलकथा' म्हणते. मजकुरातील 'धारवाडचे उपन्यास' ही लेखकाने तेथे दिलेली व्याख्याने होत. वाचकांनी त्या कादंबऱ्या समजू नयेत.