गुरुत्वीय भिंग आणि परिमेय फले

एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागल्यास मिळणाऱ्या फलाला परिमेय फल म्हणतात. संमिश्र विश्लेषणात या फलातील चल संमिश्र संख्या असतो. छेद जेथे शून्य होतो, तेथे फलाची किंमत अनंताकडे जाते. त्या बिंदूला ध्रुव म्हणतात. पनवेलसारख्या शहरांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे ध्रुव अभ्यासक्रमातून परिचित असतात. खगोलशास्त्रात मात्र त्यांना निराळाच अर्थ लाभतो.

दूरच्या ताऱ्याचा किंवा क्वेसारचा प्रकाश वाटेतील वस्तुमानाजवळून जाताना वाकतो आणि एकाच स्रोताच्या अनेक प्रतिमा दिसू शकतात. या आविष्काराला गुरुत्वीय भिंग म्हणतात. त्याचे पहिले उदाहरण १९७९ मध्ये सापडले. त्यात एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा दिसल्या.

आकाशाचा लहानसा भाग संमिश्र प्रतल मानला, तर बिंदुवत वस्तुमानांच्या भिंगाचे समीकरण सुटसुटीत होते. एका बाजूला प्रतिमेचे स्थान दर्शविणाऱ्या संख्येची अनुबद्ध संख्या, म्हणजे काल्पनिक भागाचे चिन्ह बदलून मिळणारी संख्या असते, तर दुसऱ्या बाजूला परिमेय फल. प्रत्येक वस्तुमान हा एक ध्रुव आणि प्रत्येक उकल ही एक प्रतिमा. वस्तुमान एकच असून स्रोत त्याच्या नेमका मागे नसेल, तर दोन प्रतिमा मिळतात.

दीर्घिकेसारख्या पसरट व पारदर्शक भिंगाला मात्र सिद्धांतानुसार विषम संख्येने प्रतिमा हव्यात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्या सम संख्येने दिसत. या ‘हरवलेल्या प्रतिमे’चा उलगडा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डी. नरसिंह, के. सुब्रमणियन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. दीर्घिकेच्या केंद्रात अतिशय घन वस्तुमान असेल, तर मधली प्रतिमा दिसेनाशी होते. गणिताच्या भाषेत सांगायचे, तर केंद्रातील वस्तुमान ध्रुवासारखे वागते आणि एक उकल नाहीशी होते. त्यामुळे न दिसणारी प्रतिमाही केंद्रातील कृष्णविवराविषयी माहिती देऊ शकते.

वस्तुमाने अनेक असतील तर जास्तीत जास्त किती प्रतिमा दिसतील? वस्तुमानांच्या संख्येच्या वर्गात एक मिळविल्यास येणारी संख्या ही जुनी मर्यादा होती. २००३ मध्ये सन हाँग री यांनी सुसम बहुभुजाच्या शिरोबिंदूंवर समान वस्तुमाने आणि मध्यभागी एक लहान वस्तुमान अशी रचना दाखविली. तिच्यातून वस्तुमानांच्या संख्येतून एक वजा करून पाचाने गुणल्यास येणाऱ्या संख्येइतक्या प्रतिमा मिळतात. हीच कमाल संख्या असावी, असा त्यांचा तर्क होता.

दिमित्री खाविन्सन आणि जेनेव्हरा न्यूमन हे गणिती त्याच समीकरणाचा शुद्ध गणिताच्या अंगाने अभ्यास करीत होते. पिएर फातू यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका प्रमेयाच्या आधारे त्यांनी नेमकी हीच मर्यादा सिद्ध केली. आपल्या सिद्धतेने खगोलशास्त्रातील तर्कही खरा ठरतो, हे त्यांना नंतर कळले. त्यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा वस्तुमानांसाठी जुन्या मर्यादेनुसार १०१ प्रतिमा शक्य वाटत होत्या. आता ४५ पेक्षा अधिक प्रतिमा असूच शकत नाहीत, हे निश्चित झाले आहे.