जस्ताचं फूल

देवबागला स्कूबाला निघालेल्या भाचीनं नाकावर पांढरं मलम थापलं. पडवीतून आत्या म्हणाली, ‘‘नाकाक चुनो कित्याक गो?’’ मी ट्यूब उलटी करून वाचली : झिंक ऑक्साइड. म्हणजे आत्याच्या विहिरीवरच्या जस्ती बादलीचा आणि वैद्याच्या यशदभस्माचा सख्खा नातलग! तेव्हापासून ‘जस्त’ या शब्दानं मला झपाटलंय.

कोश सांगतात, जस्त हे संस्कृत ‘यशद’वरून आलं. उच्चाराचा नियमही त्यांच्या बाजूचा : यात्रेची जत्रा होते, यंत्राचं जंतर. मला मात्र उलटा प्रवास पटतो. ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ जस्त काढायची वांग्याच्या आकाराची मूस, वृंताक मूषा, कशी घडवायची ते सांगतो. पण हाती येणाऱ्या धातूला ‘कथलासारखं सत्त्व’ म्हणतो. कृती एवढी तपशीलवार, आणि धातूला ‘यशद’ असं भारदस्त नाव असताना कथलाची उपमा कशाला लागावी? शिवाय संस्कृत कोशांत ‘जसद’ हेही रूप आहे. माझ्या मते हा भट्टीवरच्या कारागिरांचा शब्द. पंडितांनी त्याला ‘यश देणारा’ असा अर्थ चढवून सोवळं नेसवलं. तो उदयपूरजवळच्या जावरच्या भट्ट्यांवर रुळला असणार, असं मी धरून चालतो. समुद्रमार्गे पोर्तुगीज व्यापारी हाच धातू ‘तुतेनाग’ म्हणून विकत. त्या शब्दाचं मूळ फारसी की तमिळ, हा वाद वेगळाच. मराठीत रुळलं ते जस्तच.

जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून भट्टीत ते वाफ होऊनच सुटतं. त्या वाफेला हवा लागली की ती पेटते आणि कापसासारखा पांढरा थर धरतो. युरोपातले रसायनकारही त्याला जस्ताची फुलंच म्हणत. चरकसंहितेतलं पुष्पांजन म्हणजे हेच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी ‘हो’ म्हणणाऱ्यांतला. डोळ्यात घालायच्या औषधाला फुलाचं नाव उगाच कोण देईल?

हेच फूल पुढे ऊन अडवायला चेहऱ्यावर आलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे : नव्वदच्या दशकात टीव्हीवर दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज ॲलन डोनाल्डचे पांढरे गाल दिसले, आणि आता औषधाच्या दुकानात ट्यूबांची रांग आहे.

त्या रांगेतून निवडताना मी आधी हेच फूल शोधतो. ते अतिनील किरणांचे ए आणि बी दोन्ही पट्टे अडवतं. २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऊन अडवणाऱ्या १६ घटकांपैकी सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून दोनच प्रस्तावित केले, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. एसपीएफ किमान ३० हवा, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं, आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायला हवं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्झेट असलेली क्रीमं प्रवाळासाठी हवाईनं १ जानेवारी २०२१पासून विकायची बंद केली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे, आणि भाची उतरणार होती ती त्याच पाण्यात. तिच्या ट्यूबवर ती दोन नावं नाहीत ना, हे मी दोनदा पाहिलं. नव्हती.