रविवर्म्यांची सही

मंडळी, अमेरिकेतल्या आमच्या भाच्याला इकडच्या कुणीतरी 'रविवर्म्याचं ओरिजिनल' देऊ केलंय. सांगलीकडच्या एका जुन्या वाड्यातून निघालं म्हणे, आणि कोपऱ्यात सही आहे! ही सही कशी आली ते जरा सविस्तरच सांगते.

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला. एकेका रंगाला वेगळा दगड घेऊन चित्र छापायचं आणि वरून वार्निश द्यायचं, म्हणजे ते तैलचित्रासारखं चकाकतं. हीच ती ओलिओग्राफ. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. १९०६ साली रविवर्मा वारले, छपाई मात्र कितीतरी वर्षं चालूच राहिली. चित्राबरोबर सहीही छापून निघायची! लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या अशा. त्यामुळे वाड्यात असं चित्र सापडलं तर नवल नाही आणि त्यात लबाडीही नाही. लबाडी सुरू होते ती छापील चित्र हाताने काढलेलं म्हणून विकताना.

हे ओळखायला साधं भिंग पुरतं. दगडावर ठिपके हाताने काढत, म्हणून ते लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ते कवायतीच्या पोरांसारखे रांगेत असतात. तैलचित्रात ठिपक्यांचं जाळं नसतं, कुंचल्याचे फटकारे दिसतात.

पण कुणी छापील चित्र समोर ठेवून तेलरंगातच नक्कल केली असेल तर? तिथे रंगाची तपासणी लागते. टायटॅनियमचा पांढरा रंग साधारण १९२० नंतर बाजारात आला, तो रविवर्म्यांच्या चित्रात असूच शकत नाही. जर्मनीतला बेल्ट्राकी नावाचा नकल्या याच रंगामुळे सापडला. १९१४ चं म्हणून विकलेल्या चित्रात तो निघाला, आणि २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली.

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे चित्राची वंशावळ. आपल्या शेजारच्या औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली डोंगरावर संग्रहालय बांधलं. ते स्वतः चित्रकार. तिथे रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. युरोपातल्या नामांकित चित्रांच्या नकलाही आहेत, पण त्या नक्कल म्हणूनच. चित्र राजाच्या संग्रहातून संग्रहालयात आलं, हा प्रवास सरळ सांगता येतो. 'एका जुन्या वाड्यातून' ही काय वंशावळ झाली? वाडा कुणाचा, चित्र कुणी आणलं, एखादं पत्र, पावती, निदान दिवाणखान्याचा जुना फोटो, ज्यात ते भिंतीवर दिसतंय? यातलं विकणाऱ्याकडे काहीच नाही.

शिवाय तो म्हणतो, 'घरपोच न्यू जर्सीला पाठवतो.' रविवर्म्यांची चित्रं १९७९ पासून देशाचा कलाठेवा म्हणून जाहीर आहेत. अस्सल असलं तर ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे एक तर हा गृहस्थ कायदा मोडतोय, नाहीतर आपण काय विकतोय ते त्याला पक्कं ठाऊक आहे. भाच्याला कालच तसं कळवलं. त्याने चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो मागवलाय, तो अजून आलेला नाही.