मळीला आलेले बरे दिवस

7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राच्या अन्न मंत्रालयाचा आदेश साखर कारखान्यांच्या हाती पडला: उसाचा रस आणि सिरप यांपासून इथेनॉल करणे तात्काळ थांबवा. हंगाम नुकताच रंगात आला होता, गव्हाणीसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा होत्या आणि डिस्टिलरीसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू होते. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. साखर कमी पडेल, ऐन लोकसभेच्या तोंडावर ती महागेल, ही सरकारची धास्ती. आठवडाभरात, 15 डिसेंबरला, दोर थोडा सैल झाला. रस आणि बी-हेवी (पुरती साखर न काढलेली) मळी मिळून 17 लाख टन साखरेइतकेच इथेनॉलकडे वळवा, असे ठरले. जे सरकार पाच वर्षे 'डिस्टिलरी उभारा, व्याजात सवलत देतो' म्हणत होते, त्यानेच ऐनवेळी हात आखडता घेतला.

कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. एका अंगाला सोमेश्वर कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगाव, आणि शिवाराला नीरा डाव्या कालव्याचे पाणी. उसाच्या दराचे राजकारण इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पहिली उचल किती, अंतिम दर किती यावर इथे पारावरही अर्थसंकल्पापेक्षा कसून चर्चा होते. पण 'आपला भाव दिल्लीत ठरतो' ही त्या चर्चेतली नेहमीची तक्रार अर्धीच खरी आहे. दिल्लीच्याही आधी तो जावा, ब्रह्मदेश, ब्राझील आणि युक्रेन अशा ठिकाणी ठरत आला. साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या काळ्या चिकट मळीचा माग काढत मागे गेले की हे नीट दिसते.

मळीच्या आधी पाणी. 1876-77 च्या दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा हाती घेतला. ज्वारी-बाजरी जगवायची, हा मूळ हेतू. पण पाण्याची पट्टी भरायला परवडते ते उसाला, आणि ऊस आला की कालव्याच्या तोंडची गावे भिजतात, शेपटाची कोरडी राहतात. पुढे जगाला धरणांचा माणूस म्हणून माहीत झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा पुण्यात पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर 'ब्लॉक पद्धत' आणली. पाणी ठरावीक गटांनाच, त्यातही ऊस काही भागातच, बाकीच्यात कमी पाण्याची पिके, आणि हे आळीपाळीने. बागायतदारांनी तेव्हा बरीच कुरकुर केली. 1910 च्या सुमारास शेतीशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उसाने शिवार चोपण होते, ही गोष्ट इतकी जुनी आहे. तरी ऊस हटला नाही. तेव्हा त्याचा गूळ होत असे आणि मळीचा प्रश्नच नव्हता, कारण गुऱ्हाळाच्या कढईत रस आटतो तो सगळाच्या सगळा ढेपेत उतरतो.

मळी आली ती पांढऱ्या साखरेबरोबर, आणि पांढरी साखर आली जावामुळे. 1930 च्या आगेमागे डच अमलाखालच्या जावा बेटाची स्वस्त साखर मुंबई बंदरात येऊन पडत होती. तिला अडवायला 1932 मध्ये साखर उद्योगाच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि आयातीवर जबर जकात बसली. देशात तेव्हा तीसेक कारखाने होते; चार-पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर हे त्याच लाटेतले. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वसाहत, कारखाना आणि शेती असे सगळे एकदम उभे केले. कारखान्यांबरोबर मळीचे ढीगही वाढले. ती कुणाला नको होती. वास मारी, ओढ्यात सोडली की पाणी नासे. 1938 मध्ये संयुक्त प्रांत आणि बिहार यांनी मिळून एक समिती नेमली. मळीपासून अल्कोहोल करून ते पेट्रोलमध्ये मिसळता येईल का, हे तिने तपासायचे होते. आज पंपावर 'ई20', म्हणजे 20 टक्के इथेनॉल, अशी पाटी दिसते, तिचा मूळपुरुष हा. हवेतल्या कार्बनची तेव्हा कुणाला फिकीर नव्हती. शिलकी मालाची होती.

मग युद्ध आले. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथल्या तेलविहिरी हिंदुस्थानला दुरावल्या. पेट्रोल रेशनवर गेले, पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी लावलेल्या मोटारी रस्त्यावर धावू लागल्या. त्या टंचाईची आठवण ताजी असतानाच, 1948 मध्ये, 'इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट' मंजूर झाला. लगोलग 1949 मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. एका कायद्याला अल्कोहोल पेट्रोलच्या टाकीत हवे होते, दुसऱ्याला ते माणसाच्या पोटात जायला नको होते. या रस्सीखेचीत डिस्टिलरीचे कुलूप राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या हाती राहिले. युद्ध संपून आखाती तेल मुबलक झाल्यावर 1948 चा कायदा कागदावरच पडून राहिला. 2000 मध्ये तो रद्द झाला. गंमत अशी, की पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा नवा प्रयोग त्यानंतर वर्षभरात सुरू झाला.

मधल्या काळात सहकार आला. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याची घडी घालून दिली. माळेगाव, भवानीनगरचे छत्रपती आणि सोमेश्वर ही त्याच वाटेवरची पुढची पावले. 1961 च्या आदेशाने मळीचे भाव आणि वाटप सरकारने आपल्या हाती ठेवले. भाव कवडीमोल. फायदा झाला तो मळीच्या अल्कोहोलवर चालणाऱ्या रसायन कारखान्यांना. आज जुबिलंट नावाने ओळखला जाणारा निंबूतचा कारखाना अल्कोहोलपासून रसायने करतो, तो नीरेच्या शेजारी आहे हा योगायोग नव्हे. मळीवरचे नियंत्रण 1993 मध्ये उठले.

1973 मध्ये अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. ब्राझीलने त्यावर 1975 मध्ये 'प्रोआल्कूल' ही योजना आणली: ऊस आपला, मोटारी अल्कोहोलवर. आपण समित्या नेमल्या. तेव्हा आपल्याकडे साखरच रेशनवर मिळत होती, हेही खरे. जिथे चहात घालायला नाही तिथे मोटारीत कुठून घालणार?

2001 मध्ये वाजपेयी सरकारात पेट्रोलियम खाते मुंबईचे राम नाईक यांच्याकडे होते. त्यांच्या काळात मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातले आंवला अशा तीन ठिकाणी इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची चाचणी झाली. तीनपैकी दोन ठिकाणे महाराष्ट्रात, हे लक्षात ठेवावे. 2003 पासून नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण सक्तीचे झाले, कारण गोदामे साखरेने गच्च भरली होती. तेवढ्यात दुष्काळ आला आणि उसावर लोकरी मावा पडला. पानाच्या मागे पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसायचे आणि खाली काळी बुरशी धरायची. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांना आजही तो फड आठवतो. मळी मिळेना, सक्ती गुंडाळली गेली, आणि 2004-05 मध्ये तर ब्राझीलकडून अल्कोहोल आयात करायची वेळ आली. शिलकीत असताना उसाचे कौतुक आणि तुटीत असताना ऊसवाल्यावर बंधन, हा नियम इथे पहिल्यांदा स्पष्ट दिसला. 2023 चा आदेश हा त्याच नियमाचा दुसरा अंक होता.

उत्सर्जन कमी करण्याच्या क्योतो कराराचा धागाही इथे येतो, पण थोडक्यात. 2005 मध्ये तो करार लागू झाला आणि चिपाड जाळून वीज करणारे भारतातले साखर कारखाने परदेशी कंपन्यांना कार्बन क्रेडिट विकू लागले. सात-आठ वर्षांत युरोपात मागणी आटली आणि त्या क्रेडिटचा भाव टनाला एका युरोच्याही खाली गेला. कागदावर मोठे दिसणारे उत्पन्न असे वाऱ्यावर गेले.

इथेनॉलचा खरा जोर 2014 नंतर. सरकारने निविदा सोडून पुन्हा ठरावीक भाव दिला, आणि 2018 च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि थेट रस यांची दारे उघडली. हे काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्यावे, कारण सभासदाचे बिल यातच अडकले आहे. रस आटवून पॅनमध्ये साखरेचे दाणे धरतात, सेंट्रिफ्यूगलमध्ये ते वेगळे काढतात. जे उरते ती पहिली मळी. ती पुन्हा उकळून साखर काढली की उरते बी-हेवी. तिसऱ्यांदा पिळून काढले की सी-हेवी, म्हणजे खरोखरीची शेवटची मळी. दुसऱ्या टप्प्यावर थांबले तर साखर कमी निघते पण इथेनॉल बरेच जास्त मिळते. रस सरळ टाकीत घातला तर साखर शून्य आणि टनाला सुमारे 70 लिटर इथेनॉल. आता हिशेब करा. रसाच्या इथेनॉलचा 2022-23 मध्ये ठरलेला भाव लिटरला 65 रुपये 61 पैसे, म्हणजे टनामागे 4,600 रुपयांच्या घरात. तोच ऊस साखरेला घातला तर साधारण 100 किलो साखर; तिची किमान विक्री किंमत 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरली. बाजारभाव त्याहून जास्त असतो, तरी इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या लवकर देतात आणि साखर पोत्यात वर्षभर पडून व्याज खाते. उतारा कमी दिसला म्हणून शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, मारली जाऊ नये, यासाठी किती उतारा इथेनॉलकडे गेला याचा दाखला मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून घ्यावा लागतो.

सरकारला एकाएकी एवढी कळकळ कशी सुटली? एक कारण जिनिव्हात आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी 2019 मध्ये भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. 2021 च्या डिसेंबरात निकाल भारताच्या विरोधात गेला. भारताने अपील केले, पण निर्यातीला अनुदान देऊन शिलकी साखर बाहेर ढकलण्याचा जुना मार्ग कठीण झाला. मग ती साखर तयार होण्याआधीच पेट्रोलमध्ये जिरवणे हा उपाय. नेमक्या त्याच काळात ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. 5 जून 2021 च्या पर्यावरण दिनी पुण्यात तीन ठिकाणी शुद्ध इथेनॉलचे पंप सुरू झाले आणि 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य 2030 वरून 2025 वर ओढले गेले. हवामानाचे नाव, शिलकी साखरेचे काम, असेच मी त्याकडे पाहतो. त्यात वाईट काही नाही, फक्त दोन्ही गोष्टी एकच आहेत असे समजू नये.

2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, कच्चे तेल भडकले आणि आयातीवर जगणाऱ्या देशाला प्रत्येक लिटर मोलाचा वाटू लागला. त्याच जूनमध्ये 10 टक्क्यांचा टप्पा ठरल्या वेळेच्या पाच महिने आधी गाठला गेला. 2025 मध्ये 20 टक्के. मात्र त्यात एक पाहुणा घुसला होता, मका. 2023 मध्ये रसावर बंदी घातल्यावर खड्डा भरायला सरकारने मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे दिले. कोंबडीखाद्य महागले, आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या भारताने 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी जे सुमारे 1,050 कोटी लिटर इथेनॉल वाटून दिले, त्यात उसाचा वाटा 28 टक्क्यांच्या आसपास उरला. रसाच्या इथेनॉलचा भाव 2022-23 पासून तिथेच थांबला. उसाची एफआरपी 2025-26 पर्यंत क्विंटलला 305 वरून 355 रुपयांवर गेली. वर अमेरिकेला आपले मक्याचे इथेनॉल इथे विकायचे आहे आणि व्यापाराच्या वाटाघाटीत ती मागणी टेबलावर असते. आयोवातला शेतकरी कोऱ्हाळ्याचा स्पर्धक झाला तो असा.

राहिला पाण्याचा हिशेब. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. हवामानाच्या नावाने केलेले इंधन त्याच हवामानाच्या लहरीवर, म्हणजे भाटघर भरते की नाही यावर, टांगलेले आहे. विश्वेश्वरय्यांनी घातलेला प्रश्न, तोंडाला किती आणि शेपटाला किती, इंदापूरच्या शेवटच्या चारीवर आजही तसाच आहे. ठिबक वाढले, हे चांगलेच झाले. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर वाचवले काय?

तेव्हा सभासदांना एक विनंती. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल घरी येईल, त्यात दराचे पान बघायच्या आधी डिस्टिलरीचे पान उघडा. तेल कंपन्यांकडून किती लिटरचा करार मिळाला, त्यातले किती सी-हेवीचे, किती बी-हेवीचे आणि किती रसाचे, कर्ज किती उरले, आणि 2023 सारखा आदेश पुन्हा आला तर हप्ता कशातून भरणार, हे चार प्रश्न लेखी द्या. उत्तर सभेत मागा, पारावर नको.